आईने ओतलेलं पाणी

आमच्या ताईला उत्तरं येतात, हाच तिचा आजार. लहानपणी मी काहीही विचारलं की बाबा म्हणायचे, "गप झोप," आणि ताई उत्तर द्यायची. बरोबर असो, चूक असो, पण द्यायची. पुढे याच गुणावर तिला नोकरी लागली. विद्यापीठात कॅथलिक मुलामुलींसाठी एक केंद्र आहे, ते ती चालवते. दारावर 'कॅम्पस मिनिस्ट्री' अशी भलीमोठी पाटी आहे. पाटी मोठी आणि खोली एवढीशी, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ग्रंथालयाच्या मागे सायकल स्टँडला लागून पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं, तीच ही खोली. भिंतींना अजून शाईचा वास येतो. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, रबर लावून झाकण बसवलेली विजेची किटली, आणि एका तारेची उणीव असलेली एक गिटार. ती कुणी वाजवत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही.

रविवारची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करायला फादर स्कूटरवरून येतात. बाकी सगळं ताईचं. वाचन कोण करणार, गाणार कोण, घरची आठवण येऊन वसतिगृहात कोण रडतंय, कुणाचं प्रेम फिसकटलंय, कुणी आठवडाभर वर्गात गेलेलं नाही, सगळं तिच्याकडे. मूळची ती माझी एकटीची ताई होती. आता अख्ख्या विद्यापीठाची झाली. लग्न केलं नाही म्हणून निम्मे लोक तिला मठातली सिस्टर समजतात. "सिस्टर आमची आई होती, दवाखान्यातली," असं ती सांगते आणि समोरच्याचा गोंधळ आणखी वाढवून ठेवते.

बुधवारी संध्याकाळी पोरं जमतात. बिस्किटांचा एक रिकामा डबा असतो, त्यात ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. नाव लिहायचं नाही. देव आहे तर माझा भाऊ का गेला? कॉपी करणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क का? चंद्रावर मिस्सा केली तर रविवार कुठला धरायचा? ताई डब्यात हात घालते, चिठ्ठी वाचते, चष्मा कपाळावर ढकलते आणि उत्तर देते. "अगं, एखाद्या वेळी 'नाही माहीत' म्हणून बघ की. जीभ झडणार नाही तुझी," असं मी किती वेळा म्हटलं असेल. त्यावरही तिच्याकडे उत्तर असतंच.

मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. माझं लग्न झालं होतं, ते मोडलं. ते मोडेल असं ताईने आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं, तो विषय आमच्या घरात बंद आहे. रविवारी मिस्सेला मी जाते, पण माझी श्रद्धा म्हणाल तर कच्च्या टाक्याची. ओढली तर उसवेल, म्हणून मी ओढत नाही. तरी दरवर्षी ईस्टर आला की ताई पांढऱ्या कापडाचा तागा घेऊन माझ्या मशीनपाशी उभी राहते. त्या वर्षी ज्या मोठ्या मुलामुलींचा बाप्तिस्मा व्हायचा असेल, त्यांचे पांढरे झगे मी शिवायचे. शिलाईचं विचारलं की वर बोट दाखवते. म्हटलं, बरं आहे, वरचं गिऱ्हाईक कधी मापात खोट काढायला येत नाही.

त्या वर्षी झगा एकच होता. गणितवालीचा.

ही पोर गणित शिकायची. उंच, शिडशिडीत, चालताना नेहमी काहीतरी मोजत असल्यासारखी. घरी देवाधर्माचं कुणाला काही नाही. देवाचं नाव निघायचं ते कुणी जिन्यावरून घसरलं तरच. ती ताईच्या खोलीत पहिल्यांदा आली ती किटली बघून. चहा घेतला, आणि चिठ्ठी न टाकता तोंडानेच विचारलं, "हे सगळं सिद्ध करता येतं का?" ताई म्हणाली, "नाही." "मग?" "मग बस. चहा गार होतोय." ती बसली ती वर्षभर बसली. ताईला जन्मात पहिल्यांदा तोडीस तोड कुणीतरी भेटलं. बुधवारचा वर्ग संपला तरी दोघींचं वाजतंच असायचं, आणि ताई घरी येऊन मला सांगायची, "आज पोरीने माझ्या तोंडाला फेस आणला." सांगताना चेहरा असा, की बक्षीस मिळालंय.

त्या पोरीने ठरवलं, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर, बाप्तिस्मा घ्यायचा. वडील म्हणाले, "तू सज्ञान आहेस. घे काय घ्यायचं ते, फक्त घरी येऊन आम्हाला शिकवू नकोस." माप देताना मी तिला सहज विचारलं, "कशाला गं एवढा खटाटोप?" ती म्हणाली, "मावशी, माझी शाळा, माझे विषय, माझे केस किती लांब, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. हे एक मी ठरवलंय. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. म्हणून." मला ते पटलं. मी झग्याला आतून दुहेरी शिवण घातली, एरवी घालत नाही.

आता एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्यात बाप्तिस्मा एकदाच. एकदा झाला की झाला, पुसता येत नाही, पुन्हा देता येत नाही. म्हणून तयारीला येणाऱ्या प्रत्येकाला ताईचा पहिला प्रश्न हाच असतो, आधी कधी झालाय का? गणितवाली म्हणाली होती, नाही. तिच्या आईवडिलांनीही नाही म्हणूनच कळवलं होतं. संपलं.

झग्याची ट्रायल घ्यायला ती दुपारी आली. ताईही जेवायला घरी आली होती, चहाचा कप हातात घेऊन दारात उभी. कोपऱ्यातल्या खुर्चीत आई. आई टेकडीवरच्या दवाखान्यातली नर्स, सगळी नोकरी तान्ह्या बाळांच्या वॉर्डात काढली. आता तिचं डोकं म्हणजे फाटका खिसा झालाय, टाकलेलं राहत नाही. हाताला चाळा हवा म्हणून मी तिला कापडाचे तुकडे देते. ती घड्या घालते, मोडते, पुन्हा घालते.

पोर उंच म्हणून मी म्हटलं, "तुला कापड लागतं बाई दीडपट." ती हसली. "जन्मले तेव्हा हातभरसुद्धा नव्हते, मावशी. सातव्या महिन्यात झाले. जुळ्या होतो आम्ही. दुसरी गेली."

"कुठे गं झालीस?"

"टेकडीवरच्या दवाखान्यात," म्हणाली, आणि झगा घेऊन पडद्यामागे गेली.

आईचे हात थांबले. मला वाटलं, कापड खाली पडलं असेल. तर ती सरळ माझ्याकडे बघून, अगदी ड्युटीवरच्या दबक्या आवाजात म्हणाली, "काचेच्या पेट्यांत होत्या. दोघी. एक रडली, एक रडली नाही. डॉक्टरांनी मान हलवली. मी पाणी आणलं आणि दिला बाप्तिस्मा दोघींना."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं. मी ताईकडे बघितलं. तिने कप मशीनच्या कडेला ठेवून दिला होता.

आईची ही सवय आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. जीव जातोय असं दिसलं तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, फादरच लागतात असं नाही. साधं पाणी आणि ठरलेले शब्द, बस्स. आम्ही लहान असताना आई कामावरून आली की कधीकधी म्हणायची, "आज एका पिल्लाला पाणी दिलं," आणि आम्ही तिघी त्या पिल्लासाठी प्रार्थना करायचो. मला वाटायचं, सगळ्याच नर्सा असं करतात. मोठी झाल्यावर मात्र मी तिच्याशी कडाकडा भांडले होते. "लोकांच्या लेकरांना? न विचारता?" ती म्हणाली, "मरणाऱ्याला पाणी देताना कुणी विचारतं का?" मी म्हटलं, "पाणी वेगळं आणि हे वेगळं. लेकरू त्यांचं आहे." आई म्हणाली, "त्या घटकेला ते माझ्या हातात होतं." माझं मत अजून तेच आहे. तिचं काय आहे, ते आता तिलाही माहीत नाही.

पडदा सरकला. पोर झगा घालून बाहेर आली आणि तिने गिरकी घेतली. "ताई, कसा झालाय?"

माझी शिवण, मी सांगते, झगा अंगाबरोबर बसला होता. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. आणि आमची ताई, जिने जन्मात थाप मारली नाही, ती म्हणाली, "लांब झालाय. राहू दे इथेच."

लांब झालाय म्हणे! माझ्या शिवणीला! पोर गेल्याबरोबर मी तिच्यावर तुटून पडले. ती भिंतीला टेकून खालीच बसली. "अगं, ऐकलंस ना तू? तिचा बाप्तिस्मा झालाय. मी पुन्हा कसा द्यायला लावू? पुन्हा देणं म्हणजे पहिला खोटा होता म्हणणं."

"मग गप्प बस," मी म्हटलं. "कुणी ऐकलं? तू आणि मी. आणि आईचं काय धरून बसलीस? काल मला भाजीवाली समजून दारातून हाकलत होती ती."

"मी गप्प बसू? वर्षभर मी त्या पोरीला काय शिकवलं?"

मी झगा घडी करून कपाटात ठेवला.

सकाळी ताईने आईला खोदून विचारलं. "आई, त्या जुळ्या पोरी आठवतात? टेकडीवरच्या दवाखान्यातल्या?" आई म्हणाली, "कुठल्या जुळ्या? मी तर तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात होते." ताईचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी आई आपणहून म्हणाली, "डावीकडच्या पेटीत ती रडणारी. हात पेटीच्या भोकातून आत घालावा लागायचा, पाणी सांडू न देता." ताईचा जीव भांड्यातून बाहेर. आणि दोन दिवसांनी, मी तिचे केस विंचरत असताना, आई म्हणाली, "एकीलाच दिलं. न रडणारीला. रडली तिला कशाला द्यायचं? रडलं की बाळ जगतं. तिला तिचे आईबाप होते की."

घ्या! आता काय करायचं? दोघींना दिलं, की एकीला दिलं, की आई तिथे नव्हतीच? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नोंद कुठे नाही, कुणी साक्षीदार नाही, आणि जी एक साक्षीदार आहे तिला आज वार कोणता ते सांगता येत नाही. मी चिडून आईला म्हटलं, "काय ते एकदा नक्की सांग ना गं!" ती घाबरली आणि कापडाची घडी पोटाशी धरून बसली. मग मलाच रडू आलं. तिच्यावर ओरडून काय होणार होतं, पालथ्या घड्यावर पाणी.

ताईचं जेवणावरचं मन उडालं. त्या बुधवारी तिने म्हणे चिठ्ठ्यांचा डबा उघडलाच नाही. पोरांना चहा पाजला आणि घरी पाठवलं. गणितवालीने विचारलं, "ताई, बरं नाही का?" तर म्हणाली, "पित्त झालंय." ही दुसरी थाप. मोजत नव्हते, पण बहिणीच्या थापा लक्षात राहतात.

शेवटी ती फादरांकडे गेली. फादर भला माणूस, पण त्यांनीही डोकं खाजवलं. मग जाडजूड पुस्तक काढलं. निघालं असं, की शंका असेल आणि ती कशानेच फिटत नसेल, तर 'जर' लावून बाप्तिस्मा द्यायचा. म्हणजे, "जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो." आणि तो सगळ्यांसमोर नाही, खाजगीत, नाहीतर लोकांना वाटायचं की दुसऱ्यांदा देतायत. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मग दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद, हे तिचे पुढचे दोन संस्कार, तेवढे सर्वांसमोर. मला हे ऐकून हसूच आलं. म्हटलं, "देवाकडे अर्ज करताय का? लागू असेल तिथे खूण करा?" ताई हसली नाही. "देवाला माहीत आहे. आपल्याला नाही. म्हणून तो 'जर' आपल्यासाठी आहे," म्हणाली. उत्तर चांगलं होतं, पण ते देताना तिचा चष्मा कपाळावर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला सोबत नेलं. झगा द्यायच्या निमित्ताने. कमी करण्यासारखं त्यात काही नव्हतंच, मी नुसती इस्त्री केली होती. झेरॉक्सच्या खोलीत गणितवाली खुर्च्या लावत होती. ताईने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. झगा लांब नव्हता, इथपासून. आई काय म्हणाली, मग काय म्हणाली, मग काय म्हणाली. फादरांचं पुस्तक. तो 'जर'. काही लपवलं नाही, आणि आईची बाजूही घेतली नाही. "तुझ्या आईवडिलांना कुणी विचारलं नव्हतं. ते चूक होतं असं तुला वाटलं, तर मी वाद घालणार नाही," म्हणाली.

किटली उकळून बंद झाली. पोरीने गिटारीची एक तार ओढून सोडली. मग म्हणाली, "म्हणजे हेही दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं."

ताईने चहा ओतून कप तिच्यापुढे ठेवला.

"आणि जर तिने दिला नसेल, तर माझा खरा बाप्तिस्मा खाजगीत, दार लावून, 'जर' म्हणून. गणितात 'जर' चालतो, ताई. मी तिथे रोज तेच करते. इथे मला तो नको होता." झगा खुर्चीवर ठेवून ती गेली. सायकल काढताना तिने शेजारच्या चार सायकली पाडल्या आणि त्या उचलायलाही थांबली नाही. मी उचलल्या.

त्यानंतर ती फिरकली नाही. ताई रोज त्या खोलीत जायची, संध्याकाळी यायची, आणि मी काही विचारलं तर "हं" म्हणायची. आमच्या घरात एवढी शांतता बाबा गेले तेव्हाही नव्हती. मला वाटलं, झालं, पोर गेली हातची. आणि कुणामुळे? आईमुळे, जिने कुणाचं तरी भलं करायला पाणी ओतलं. नाहीतर ताईमुळे, जिला खरं बोलल्याशिवाय राहवलं नाही. नाहीतर माझ्यामुळे, मीच तर विचारलं होतं कुठे झालीस म्हणून. मला खरंच कळत नव्हतं कुणावर चिडायचं, आणि चिडायला कुणी नसलं की माझं डोकं दुखतं.

मग एका दुपारी मी काजं करत बसले होते, तर दारात गणितवाली. ताई कामावर होती, तिला ते माहीत असणारच. म्हणजे ती ताईकडे आलीच नव्हती. सरळ आईसमोर जाऊन जमिनीवर बसली.

"मी माझ्या आईला विचारलं," ती मला म्हणाली, पण बघत होती आईकडे. "ती म्हणाली, एक नर्स होती. काचेपाशी सारखी यायची. एकदा तिने पेटीत हात घातलेला माझ्या आईने पाहिला होता. ओला हात. एकीच्या पेटीत की दोघींच्या, ते आठवत नाही म्हणाली, रडून रडून तिला त्या दिवशी धड दिसतच नव्हतं."

"मग? रागावल्या का?" मी विचारलं.

"मी तेच विचारलं. तर म्हणाली, सगळे मान हलवून निघून जात होते. ती एकटी काहीतरी करत होती. काय ते कळलं नाही, पण मी म्हटलं, करू दे. वीस वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मावशी. बाबांनासुद्धा नाही. काल सांगितलं आणि मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात रडलो." तिने नाक पुसलं. "बाबा म्हणाले, आता झालंय काय तुम्हाला? आम्हाला सांगता आलं नाही."

मग ती आईकडे वळली. "आजी, माझी बहीण कशी होती?"

मी काजं थांबवली. मला भीती वाटली, आई आता म्हणेल, कुणाची बहीण. आईने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या केसांकडे. "तिला केस होते," म्हणाली. "काळेभोर. तुला नव्हते." आणि लगेच मला म्हणाली, "बस आली का गं? माझी ड्युटी चुकेल."

तिला केस होते, हे त्या पोरीला तिच्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ती तशीच बसून राहिली, आईच्या हातातल्या कापडाचं टोक धरून. खरं होतं का ते? मला काय माहीत! आई सकाळी मला म्हणाली होती की बाबा अंघोळीला गेलेत. पण मी काही बोलले नाही. जाताना पोर म्हणाली, "ताईंना सांगा, 'जर' तर 'जर', चालेल मला. पण आजींना आणायचं."

फादरांच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, दुपारी कुणी नसतं. ईस्टरला अजून काही दिवस होते. फादर, ताई, गणितवाली, मी आणि आई. दार लावून घेतलं. समोर टेबलावर काचेचं मोठं भांडं, त्यात पाणी, पाण्यात ओतायचा शिंपला. पोर माझा झगा घालून उभी होती आणि चेहरा असा, की परीक्षेला बसलीय पण अभ्यास झालेला नाही. ताईचाही तसाच. ताई तिची धर्ममाता होती, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा तिचा मान. मी आईला पहिल्या बाकावर धरून बसवलं होतं.

फादरांनी चष्मा लावला. ते 'जर'चं वाक्य रोजचं नाही, म्हणून पान शोधू लागले. खुणेची फीत भलत्याच पानात निघाली. "एक मिनिट हं," म्हणाले. पोर तोवर भांड्यावर वाकलेली. आणि तेवढ्यात मला झग्याच्या मानेपाशी लोंबणारा धागा दिसला. एवढा मोठा धागा! पाठीमागून सगळ्यांना दिसणारा! म्हणजे सगळे म्हणजे आम्हीच, पण मला राहवेना. आईचा हात सोडला आणि मी धागा तोडायला पुढे गेले.

माझ्या शेजारून आई गेली. काठी न घेता. मी तिला इतकं झपाझप चालताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"पुस्तकं काय चाळताय?" ती फादरांना म्हणाली. "पोर काळंनिळं पडतंय!" आणि त्यांना कोपराने बाजूला सारलं. शिंपल्याकडे तिने बघितलंही नाही. उजव्या हाताची ओंजळ केली, एक थेंब सांडू न देता पोरीच्या डोक्यावर आणली, आणि ओतली. तीनदा. आवाज बारीक, पण एकेक शब्द स्वच्छ. "बाळा, मी तुला बाप्तिस्मा देते. पित्याच्या. आणि पुत्राच्या. आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

जर नाही, तर नाही. सरळ.

फादर पान बोटात धरून उभे. त्यांचं तोंड उघडं, माझ्या हातात तुटलेला धागा. माझ्या डोक्यात सगळं एकदम फिरायला लागलं. म्हणजे आता झाला का बाप्तिस्मा? की आईला काय करतोय हे कळतच नव्हतं, म्हणून नाही झाला? आणि ज्या बाईला स्वतःच्या लेकीचं नाव सापडत नाही, तिला हे शब्द एवढे नेमके सापडत असतील, तर मग तेव्हाही तिने असंच केलं असणार. म्हणजे तेव्हाच झाला होता? मग हे आत्ताचं पाणी कशाचं?

फादर ताईकडे वळले. हळूच म्हणाले, "आता... हे धरायचं ना? की मी ते 'जर' म्हणू?"

ताईचा हात अजून पोरीच्या खांद्यावर होता, भिजलेला. तिने फादरांकडे बघितलं, आईकडे बघितलं. चष्म्याला हात लावला नाही.

"मला माहीत नाही, फादर," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मी हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला टपले होते, आणि आता ऐकलं तर मी नुसती तो धागा बोटाला गुंडाळत राहिले.

आईचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ती दोन बोटांनी पोरीच्या पाठीवर घासत होती, वरून खाली, वरून खाली, मग टिचकी मारल्यासारखं थोपटत होती, आणि कान देऊन ऐकत होती. "रडलं का?" म्हणाली. ती आणखी वाकली. "अगं, कुणीतरी सांगा ना मला. एक तरी रडलं का?"

पोरीने डोकं वर केलं. केसांतून पाणी नाकावर, हनुवटीवर, झग्यावर ओघळत होतं, आणि ती हुंदके देत होती, लहान पोरासारखे, तोंड वाकडं करून, आवाज न दाबता.

"रडलं, आजी," ती म्हणाली. "रडलं."

"मग जगेल," आई म्हणाली, आणि ओले हात माझ्या ओढणीला पुसले.